पाच दहाचा मिस्ड कॉल

पहाटे पाच दहाला फोन एकदाच वाजतो.
उचलायचा नाही, असा करार आहे.
एक रिंग म्हणजे: उठलो, पाय जमिनीला लागले,
रात्र सरली.
मग मी एक रिंग परत देतो.
मस्कतजवळच्या या मत्रा बंदरात
अडतीस वर्षं काढलेल्या दोघांना
एवढं बोलणं पुरतं.

अब्बास सारंग हर्णैचा, टगबोटीवरून निवृत्त.
मी स्पेअर पार्टच्या दुकानात,
आता फक्त सकाळचा हिशेब.
बायको देवरुखला. दर शुक्रवारी
ती पडद्यावरून माझे गाल मोजते.

दर दोन वर्षांनी या देशानं
माझी छाती उजेडात धरून पाहिली.
एक्स-रे, रक्त, शिक्का.
फिट, असं वाचलं की मालक
पुढचा कागद करायला टाकायचा.
मीही दुकानात वेगळं काय केलं?
बेअरिंग कानाशी नेऊन फिरवायचं,
खरखर आली की बाजूला.
आता जिना उतरताना माझा गुडघा
अगदी तस्साच बोलतो.

तर आम्ही चालतो.
मासळी बाजारापासून रियामच्या बागेपर्यंत,
ऊन डोंगराच्या अलीकडे यायच्या आत.
जूनमध्ये त्या वेळीही हवा
ओल्या टॉवेलसारखी तोंडावर बसते.
बाटलीतलं पाणी संपवूनच परतायचं, तहान असो नसो.
अब्बासची शुगर, माझं प्रेशर,
दोघांचे आकडे आम्ही
क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारतो.
बाजारात सुरमई दिसते, इथले तिला कनद म्हणतात.
"तळलेली?" तो विचारतो.
"उकडलेली," मी म्हणतो,
आणि तो माशाकडे असा बघतो
जणू अपमान तिचा झालाय.

दवाखान्यातल्या मल्याळी पोरीनं सांगितलं होतं,
अंकल, दात घासताना एका पायावर उभे राहा.
पडण्याची भीती त्यानं जाते.
मी पैसे पाठवायच्या रांगेतही उभा राहतो तसा,
पुढचा बंगाली वळून वळून बघतो.
कठड्यावरचे समुद्रपक्षी
हेच फुकटात करतात,
त्यांना कुणी विचारत नाही.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी
रिंग दोनदा वाजली.
मग तिसऱ्यांदा.
मी उचलला. पलीकडे कुणी नाही,
फक्त नळ चालू.

त्याची एक किल्ली माझ्या जुडग्यात असते.
दोन गल्ल्या, तीन जिने.
दार उघडलं तर अब्बास न्हाणीत बसलेला,
बादलीला टेकून, घामानं निथळत,
डोळे माझ्यावर, ओळख नाही.
गोळी घेऊन परत आडवा झाला होता म्हणे,
न खाता.
कपाटातल्या डब्यातून खजूर काढले,
जो डबा मीच वर ठेवायला लावला होता.
एक भरवला. दुसरा.
साखरेचं पाणी, घोट घोट.
तिसऱ्या खजुराला तो म्हणाला,
"हाय रे बाबा, हाय.
आता रागावू नको."

तीन जिने मी कुठेही न थांबता चढलो होतो.
हे उतरताना कळलं,
गुडघा पुन्हा बोलायला लागला तेव्हा.

दुकानातून एक स्टीलचा दांडा आणला,
चार बोल्ट, चांगले, जपानी.
न्हाणीत बसवला. खाली रबरी चटई.
मग दांडा दोन्ही हातांनी धरून
मी माझं सगळं वजन त्यावर टाकलं.
चौसष्ट वर्षांचं, त्र्याहत्तर किलो.
अब्बास दारात उभा राहून म्हणाला,
"माझ्यासाठी बसवतोस की तुझ्यासाठी?"
मी काही बोललो नाही.
दांडा हलला नाही.

पुढची मेडिकल मार्चात.
छाती पुन्हा उजेडात.
आज अजून पाच नऊ झालेत.
फोन बेसिनच्या काठावर आहे,
ब्रश तोंडात,
डावा पाय वर.