सुईदोरा

चौघांत मिळून घेतलेलं कॉमिक,
सांगली स्टँडसमोरच्या रद्दीवाल्याकडून, दीड रुपयाला.
भांडण नको म्हणून वैजूनं घडीवर ब्लेड फिरवलं.
आठ-आठ पानं.

माझ्या वाट्याला गंधकासुर,
धरणाच्या भिंतीवर उभा, हसत.
लोखंड्या इर्शादकडं. वीजबाई अर्थातच वैजूकडं.
आणि सगळे एकत्र येतात ती शेवटची पानं
जिनपालच्या दप्तरात,
त्याच्या वडलांच्या हळदीच्या वखारीत.

दर रविवारी आयर्विन पुलाच्या सावलीत
पानं जोडायची, जग वाचवायचं,
पुन्हा आपापलं घेऊन घरी.

जूनमध्ये जिनपालचं बिऱ्हाड इचलकरंजीला गेलं.
दप्तरासकट.

तेव्हापासून लोखंड्या वाटेतच आहे,
वीजबाईचा हात अर्धा वर,
आणि गंधकासुर माझ्या ट्रंकेत
चाळीस वर्षं हसतोय.

काल फोन. अनोळखी नंबर, आधी खोकला,
मग : "ती पानं हायत रं अजून.
वीजबाई पार पिवळी झालीय हळदीनं,
नवरीगत."

वैजूची पानं आता कुणाकडं असतील,
हे त्यानं विचारलं नाही.
मीही नाही.

म्हटलं, इर्शादला मी सांगतो. रविवारी ये.
सुईदोरा मी आणतो.