सव्वा मैल

दोनशे बारा टेबलं.
पहिल्यांदा हलवली तेव्हा मोजली होती.
पुढे मोजायची गरज पडली नाही,
तीच होती.

स्टेट लाइन रोडच्या अलीकडे मिझुरी, पलीकडे कॅन्सस,
मध्ये रंगाचे दोन पिवळे पट्टे.
विम्याची कंपनी आम्ही इकडून तिकडे नेली,
सव्वा मैल,
ट्रकचं इंजिन तापायच्या आत पोचलो.
दुसऱ्या दिवशी पेपरात:
कॅन्ससमध्ये दोनशे बारा नव्या नोकऱ्या.

नव्या कुठल्या?
रिसेप्शनवर ल्युएला बेट्झ, तीच.
तिच्या टेबलावर मेलेल्या कुत्र्याचा फोटो, तोच.
तिसऱ्या खणाखाली चिकटवलेलं च्युइंगमसुद्धा
माझ्या बोटांनी ओळखलं.

पाच वर्षांनी मिझुरीने जास्त कर सोडला.
परत ट्रक, परत तेच पट्टे,
परत पेपरात दोनशे बारा.
ल्युएला त्याच घरात राहायची, तोच डबा आणायची,
आणि कागदावर दुसऱ्यांदा जन्मली होती.
"सांभाळून," डेझमंड पर्टल खुर्च्या चढवताना म्हणायचा,
"नोकऱ्या आहेत, फुटतील."
आणि ते रबराचं झाड.
ते कुठल्याच यादीत नसायचं.
दर खेपेला हातभर वाढलेलं,
दर खेपेला लिफ्टच्या दारात दोन पानं गमावणारं.

खोटं का बोलू, माझं बरं चाललं होतं.
एकाच सामानाचे दोनदा, तीनदा पैसे.
माझी बायको मार्व्हेला शाळेत नर्स,
आधी पाच दिवस, मग चार.
बुधवार गेला.
फंड कमी आहे, मुख्याध्यापक म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.
बुधवारी कुणा पोराच्या नाकातून रक्त आलं
तर ऑफिसातली क्लार्क पेपर टॉवेल देते
आणि डोकं मागे कर म्हणते.
(पुढे करायचं असतं. मार्व्हेला घरी येऊन मला सांगते,
जणू मीच सांगितलं होतं.)

एका रात्री स्वयंपाकघरात बिलं लावत बसलो.
माझ्या बिलावर कंपनीची सही.
कंपनीला माफ झालेला कर.
त्या करात कुठेतरी
तिचा बुधवार.
बिल फाईलला लावलं. दिवा मालवला.
तिला काही बोललो नाही.

मग दोन्ही राज्यांचा समझोता झाला:
एकमेकांच्या कंपन्या पळवायच्या नाहीत,
त्यासाठी पैसे मोजायचे नाहीत.
ट्रकमध्ये बसून पूर्ण वाचला.
अमुक काउंट्यांपुरता,
जुने करार संपेपर्यंत जुनेच.
आपण दोघं आपलंच घर लुटत होतो
हे मान्य करायला एवढी पानं लागतात.
डेझमंड गोदामात लागला.
मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं,
दोन्ही एकदम, जड कपाटाची दोन टोकं
एकट्याने धरल्यासारखं.

बुधवार काही परत आला नाही.
वेळ लागतो म्हणतात.

मार्चमध्ये कंपनीचा फोन:
तुल्साला न्यायचे किती घ्याल?
तुल्सा ओक्लाहोमात.
ओक्लाहोमाचं त्या कागदावर नाव नव्हतं.
मी मैल मोजले, डिझेल मोजलं,
सवयीने विचारलं, माणसं कधी येणार?
तिकडून आवाज आला,
माणसं तिथली घेऊ.

ल्युएलाने कुत्र्याचा फोटो पर्समध्ये ठेवला.
रडली वगैरे नाही.
लिफ्टपाशी उभी राहून म्हणाली,
ऑर्विल, हे झाड त्यांच्या यादीत आहे का?
नाही, म्हटलं.
मग घेऊन जा.

आता ते शाळेत आहे, नर्सच्या खोलीत, खिडकीशी.
छताला टेकलंय.
बुधवारी त्याला पाणी घालायला कोणी नसतं.
रबराला चालतं, म्हणे.