एम, एच आणि आणखी दोन

शालिमारच्या पार्किंगात मी पावत्या फाडतो.
दिवसाला तीनशे गाड्या. हेल्मेट सांभाळत नाही,
फक्त नंबर लिहितो: एम एच पंधरा,
मग दोन अक्षरं, मग चार आकडे.
आकड्यांचं मला काही नाही.
अक्षरांचं वेड रणपिसे सरांनी लावलं.

शरणपूरहून यायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी.
पायात मोज्यांशिवाय बूट,
मुलीने घेऊन दिलेली बॅटरीची स्कूटर,
आली तरी कळायची नाही.
पहिल्यांदा म्हणाले, "दहा रुपये देतो, पण शब्द दे.
ती शेजारची बुलेट बघ. डी, टी.
एम, एच, डी, टी, चारही पोटात असलेला
एक इंग्रजी शब्द. क्रम कसाही चालेल."
मी सातपूरला अकरा वर्षं फिटर.
माझं इंग्रजी नट, बोल्ट, ओव्हरटाइम.
चावी खिशात टाकत सर म्हणाले, "मेथड,"
आणि वाचनालयाकडे वळले.

त्यानंतर गाड्या नुसत्या गाड्या राहिल्या नाहीत.
बी, आर: चेंबर.
जी, टी: माइट, ज्यात जी आणि एच दोघेही गप्प.
एफ, टी तीन दिवस छळत होतं,
दुपारी डबा उघडल्यावर सुटलं: माउथफुल.
खरकट्या हातानेच पावतीच्या पाठीवर लिहिला,
अजून तेलाचा डाग आहे.

आपल्याकडे थ एकट्याच्या खोलीत राहतो.
तिकडे टी आणि एच भाडं वाटून घेतात.
च मध्ये एच, श मध्ये एच, कधी फ मध्येही.
दारावर त्याचं नाव नसतं,
वीजबिल मात्र तो भरतो.

ई, एन आलं तेव्हा मी सरांच्या आधी बोललो:
मशीन.
सर थांबले. "ह ऐकू येतो का रे तुला त्यात?"
म्हटलं, येतो सर.
कंपनीला टाळं लागलं त्या संध्याकाळी
लेथ थांबताना शेवटी जो आवाज झाला
तो ह होता.
त्या दिवशी त्यांनी वीसची नोट दिली,
सुटे मागितले नाहीत.

नियम कडक. विशेषनाम बाद.
शेवटी एस चिकटवून सुटका नाही.
मालेगावची एक्केचाळीस चालेल,
गंगेवर आलेल्या गुजरातच्या गाड्यांना वेगळा डाव.

त्यांच्या स्वतःच्या स्कूटरवर जे, एन.
एम, एच, जे, एन.
"हे राहू दे," म्हणायचे,
"दोन वर्षं यावरच बसून आहे मी."

फेब्रुवारीत, रस्त्याला द्राक्षांच्या क्रेटचा वास असताना
एक मंगळवार रिकामा गेला.
मग शुक्रवार. मग मोजणं सोडलं.
एका सकाळी स्कूटर आली, आवाज न करता,
वर त्यांची मुलगी एस्तेर.
गिऱ्हाईक इथेच बोलावलंय म्हणाली.

मला एकच शब्द सापडला होता.
महाजन.
इंग्रजी नाही. वरून आडनाव.
सर काट मारतील, ठाऊक आहे.
पण सर, आपल्याकडे ते आधी सामान्यनाम आहे,
मोठ्या माणसाला म्हणतात,
आडनाव नंतर झालं.
एवढं एकदा ऐकून घ्यायचं होतं तुम्ही.

पावतीवर रोमन अक्षरांत लिहिला, पैसे घेतले नाहीत.
एस्तेरने, नंबरच असेल असं समजून,
घडी घालून पर्समध्ये ठेवला.

आता बी एचच्या गाड्या दिसू लागल्यात.
एम गेला, एच इथेही आहेच, कोपऱ्यात.
आज एक आली: बी, एच, आणि शेवटी एकटा सी.
आधी बीच सुचला. नाशिकला समुद्र नाही,
तरी तोच सुचला.
मग बेंच.
ऊन येईपर्यंत त्यावर बसून राहिलो.