जर्मनचा गंज

आमच्याकडं भांड्याला गंज म्हणतात
आणि अॅल्युमिनियमला जर्मन.
घरात जर्मनचे तीन गंज,
आणि एकाही गंजाला गंज नाही.
आयटीआयच्या सरांना हे सांगितलं,
ते हसले नाहीत.
ते कोल्हापूरकडचे होते.

तिनातला एक मी उभा कापला.
माय म्हणाली, काहाले कापते वं चांगला गंज?
म्हटलं, शिकाले.
डोमाजी नान्हेंचा डोंगा तळाला फाटलाय,
धरणाच्या पाण्याखाली उभ्या राहिलेल्या बाभळीनं.
दीड मिलिमीटरचा पत्रा.
तुले जमते का, त्यांनी विचारलं,
आणि मी हो म्हणून बसले.

जमतं ते लोखंड.
लोखंड आधी सांगतं.
लाल होतं, केशरी होतं, मग पाझरतं,
माणसाला हात मागे घ्यायला वेळ देतं.
हे काहीच सांगत नाही.
पांढरं, पांढरं, पांढरंच,
आणि मग भोक.

पहिल्या रात्री सतरा भोकं.
तार तर शेवयांसारखी मऊ,
रोलरपाशीच गुंता होऊन बसायची,
मी कात्रीनं कापायची, पुन्हा ओवायची.
आर्गॉनचं सिलिंडर भिवापूरच्या मिरचीच्या गाडीतून आलेलं;
चार दिवस ते उघडताना
आम्ही दोघी शिंकत होतो.

वरती साय असते त्याच्यावर, न दिसणारी.
दुधाच्या उलट: साय वितळता वितळत नाही
आणि खालचं कधीच उकळून गेलेलं.
म्हणून घासायचं. स्टीलचा ब्रश, फक्त याच्यासाठी,
लोखंडाला शिवला की बाटला.
आमच्या घरात एवढं सोवळं
आजवर कोणी पाळलं नव्हतं.

एप्रिलचा महिना, पंखा बंद.
वारा लागला की आर्गॉन उडतो, शिवण काळी पडते.
उन्हाळी धानाच्या मोटारी पहाटे चारला थांबल्या
की होल्टेज येतं,
तेव्हा मी गोठ्यात, हेल्मेटमध्ये घामाच्या डबक्यात,
आणि माय दारात, जुनी काच डोळ्यांपुढं धरून.

माय लांब पोळ्या करते. लग्नाच्या ऑर्डरी.
पातळ कणीक हातांवर झुलवत झुलवत
कोपरापर्यंत नेते, आणि उलट्या मडक्यावर टाकते.
तिनं पाच रात्री पाहिलं, बोलली नाही.
सहाव्या रात्री म्हणाली,
तू थांबतेस. शेवटाले भेतेस आन् थांबतेस.
पातळ गोष्टीपाशी थांबलं का फाटते.
मडकं तापत जाते, तसा हात पळवाचा.

मी म्हटलं, मा, हे कणीक नाही.
ती म्हणाली, बरं.
आणि झोपायला गेली.

मग मी गन ओढायचं सोडून ढकलत नेली,
खाली तांब्याची पट्टी लावली,
ही दोन्ही मला सरांनी सांगितलेली, विसरलेली.
आणि शेवटाकडं हात पळवला.
हे सरांनी सांगितलं नव्हतं.
चार बोटं शिवण. वाकडी.
काच वर केली तर खवल्यांची ओळ,
लहान मासोळीच्या पाठीसारखी.
मायला उठवलं नाही.
उठवायला पाहिजे होतं.

डोंग्याला ठिगळ बसायला पुढं अकरा दिवस लागले.
दुसराही गंज गेला त्यात.
बाहेरून खडू फासला, आतून रॉकेल ओतलं,
डोमाजी उकिडवे बसून खडूकडं पाहत राहिले,
मी त्यांच्याकडं.

एका ठिकाणी ओल आली.
तिळाएवढी.
मी म्हटलं, पुन्हा करते, फुकट करते.
ते तिळाकडं पाहत होते अजून.
राहू दे, म्हणाले,
डोंग्यात टमरेल असतेच.

ते गेल्यावर मी ब्रश धुतला,
खुंटीवर वेगळा टांगला.
तिसऱ्या गंजात माय भात रांधत होती,
झाकण हातानं दाबून धरलेलं.