गंधार कुणाकडे

टॉडमॉर्डनच्या चॅपेलात दर बुधवारी आम्ही चौघं.
हीटर एकच, तोही पियानोसाठी.
डोरीन ग्रीनवुड फळ्यावर उतरंड रचते:
एक स्वर घ्यायचा, एक सोडायचा.
सा, त्यावर ग, त्यावर प.
"झाली तिकडी. आता चौघांत वाटा."

तीन भाकऱ्या, चार ताटं.
षड्ज दोनदा वाढला तर चालतो.
गंधार एकदाच. तो तिखट,
दुसऱ्यांदा पडला की बाकीची चव जाते.
निषादाला उंबऱ्यात ताटकळत ठेवू नये,
सा म्हणून आत घ्यावं.
आणि सा-प अशी जोडी पावलाला पाऊल लावून
कधीच चालवू नये.
का?
"मग ते दोघे उरत नाहीत," डोरीन म्हणते
आणि लाल पेन्सिलीनं माझं अख्खं पान खोडते.

मी आल्टो. आल्टोला चाल नसते.
कडवंभर एकाच स्वरावर उभी.
खाली क्लेमेंटचा खर्ज सरकतो,
बस चालवून आलेला, बूट ओले,
आणि मी न हलता
पंचम होते ती षड्ज होते.
सासरी पहिल्या दिवशी असंच वाटलं होतं.

फेब्रुवारीत विल्फ आला नाही.
चौऱ्याऐंशीचा, छातीत पाणी.
गंधार त्याच्याकडे होता
हे शेवटच्या आमेनला कळलं.
बेथनी सा, क्लेमेंट सा, मी प,
मधे विटेएवढी जागा.
बारशाचं गाणं की दफनाचं, सांगता येईना.
"पोकळ," डोरीन म्हणाली. "पुन्हा."

मला पोकळ वाटेना.
मिरजेच्या सतारमेकर गल्लीत
अब्बा तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवायचे,
तारेखाली दोरा सरकवायचे
केसभर, केसभर,
प सा सा सा,
आणि थांबायचे.
"गंधाराची तार नसते, बेटा.
बाकीच्या जुळल्या की तो येतो."
यायचाही. कुणी छेडला नसताना.

हे यॉर्कशरच्या इंग्रजीत कसं सांगायचं?
"अजून एकदा," एवढंच म्हणाले,
"हळू. आवाज न हलवता."
धरून ठेवला शेवटचा सूर,
श्वास संपेपर्यंत, त्याच्याही पुढे थोडा.
क्लेमेंटनं मान वर केली,
खुर्चीकडे नाही, छताकडे.
"कोण गायलं?"

डोरीननं पियानोचं झाकण लावलं.
"परीक्षेत याला गुण नाहीत."

गुरुवारी हॉस्पिटलात विल्फला सांगितलं.
नळीआडून हसला.
"इतक्या वर?
तिथं माझा गळा कधीच पोचला नाही."