केसभर

खुजंदच्या बाजारामागे, शिंप्याच्या दुकानाला लागून
माझी एक खुर्ची, एक आरसा,
आणि तीन पायांचा पितळी कंपास.
कझानला शिकत होते तेव्हाचा, पहिल्या पगारातला.

नियम पाठ आहेत.
नाकपुडीच्या कडेवरून सरळ वर, तिथे सुरुवात.
बुबुळाच्या बाहेरच्या काठावरून रेघ जाते, तिथे कमान.
डोळ्याच्या कोपऱ्याला शिवून जाते, तिथे शेपूट संपतं.
पांढऱ्या पेन्सिलीचे तीन ठिपके,
दोरा दातात,
आणि मग श्वाससुद्धा बेतानं.

कझानमध्ये एकीच्या भुवया
मी मिलिमीटरला मिलिमीटर जुळवल्या होत्या.
शिक्षिकेनं फोटो काढून भिंतीवर लावला.
बाई मात्र आरशात बघत राहिली,
ओळखीचं माणूस म्हणून हाक मारावी
आणि वळून बघणारं भलतंच निघावं, तशी.
पैसे दिले. वर बक्षिसी दिली.
परत आली नाही.

आज सावरीनिसो आली.
जर्दाळू विकते. तीस वर्षं तराजूसमोर उभी.
शनिवारी मुलीचं लग्न.
म्हणाली, "नीट मोजून कर हं, मुनझिफा.
मापात पाप मला लांबून कळतं."
खुर्ची आडवी केली, डोळे मिटायला लावले,
कंपास टेकवला.
डावी, उजवी सारखी. केसभर फरक नाही!
असं माप कुणाचंच लागत नाही.

मग ती उठून बसली.
"किती घेशील?"
मी आकडा सांगितला
आणि तिची डावी भुवई चढली
चांगली बोटभर,
सगळ्या गिऱ्हाइकांची घासाघीस पाठीवर घेऊन.
माझे ठिपके कुठल्या कुठे गेले.

निजलेल्या चेहऱ्याचं माप
मी घेत होते तरी कुणासाठी?

कंपास बाजूला ठेवला.
टाकला नाही. सुरुवात कुठे, हे अजून त्यालाच विचारते.
तिला बसवूनच ठेवली, बोलतं केलं:
जावई कसा, पुलाव किती माणसांचा,
विहीणबाईंचं काय काय.
डावीखालचे चार केस काढले.
पाचव्यापाशी हात थांबला.
का थांबला, ते मला सांगता येणार नाही.

मधली जागा मोकळी हवी, असं कझानची वही म्हणते.
सावरीनिसो म्हणाली, "जोड."
तिच्या आईच्या जोडलेल्या होत्या, लग्नात तिच्याही.
उस्म्याची पानं तळहातावर चुरडली,
काडीला कापूस गुंडाळला,
दोन भुवयांमध्ये हिरवी रेघ ओढली.
लावताना ती हिरवीच असते.
किती काळी होईल, ते कातडीवर, उन्हावर,
आणि आणखी कशावर कोण जाणे.
दोघी वाट बघत बसलो. शेजारी शिवणयंत्र चालू होतं.

तिनं आरसा हातात घेतला.
उजवी भुवई जागच्या जागी.
डावी चढली.
"हं," म्हणाली.

दोन सोमोनी कमी देऊन गेली.
मी मोजले, पण ती वळणावरून गेल्यावर.