मनी

एकोणतीस वर्षं मी टपाल वाटलं.
पहिली सहा करगुंडीत,
उरलेली तेवीस करगुंडीचंच, फक्त गाव नसताना.

घटप्रभेचं धरण भरलं त्या वर्षी
पोस्टाचा शिक्का पिशवीत घालून मी वर आणला.
सायबानं जमा करून घेतला, पावती दिली.
ती अजून आहे.
गाव पोचल्याची म्हणा, नाहीतर बुडाल्याची.

लोक पांगले: वसाहत नंबर दोन,
संकेश्वर, निपाणीत तंबाखूच्या वखारीमागं,
काही वर गडहिंग्लजला.
पत्रं मात्र जुन्याच पत्त्यावर येत राहिली.
लांबची असली की पत्ता खोडून पुढं धाडायचो,
खोडताना एकच रेघ,
खालचं ‘करगुंडी’ वाचता येईल अशी.

जवळची सायकलवर.
बाजीराव कमते, चिंचेजवळ, मु. पो. करगुंडी.
चिंच तीस हात पाण्याखाली.
वसाहतीत कमत्यांच्या पत्र्याच्या दाराशी थांबून
हाक जुनीच मारायचो: चिंचेजवळचे कमतेऽ!
म्हातारी बाहेर यायची
आणि पत्राकडं बघायच्या आधी
डावीकडं बघायची.

तेव्हा वही घातली.
बाद मनीऑर्डर फॉर्मांच्या कोऱ्या बाजू दाभणानं शिवून.
कोण कुठं गेलं, कुणाचं पत्र कुठून आलं,
कुणाच्या जुन्या दारात उखळ होतं, कुणाच्यात चावरं कुत्रं.
बायको म्हणायची, ह्याला पगार मिळतोय काय?

परवा संकेश्वरच्या स्टँडवर दुरगप्पा हेळवी भेटला.
ह्याचा आजा नंदीवर बसून यायचा,
घोंगडीनं पाय झाकून, घंटा वाजवत,
आणि दारात सात पिढ्या म्हणायचा.
कोण दुष्काळात मिरजेकडून आलं, कुणी आडनाव टाकलं,
कोण भावाशी भांडून नदीच्या ह्या अंगाला राहिलं.
जोंधळं घ्यायचा, नवं पोर टिपून घ्यायचा, पुढच्या दारी.
दुरगप्पा लुनावरनं फिरतो.
घोंगडी हँडलच्या पिशवीत.

म्हणाला, पोस्टमनसाब, करगुंडीची बेचाळीस घरं
बुकात हाईत माझ्या. म्हणायला दार न्हाई.
मनी यल्लैत्री?

त्याच्या भाषेत मनी म्हणजे घर.
माझ्या भाषेत मनी म्हणजे मनात.
उभा जन्म ह्या दोन भाषांत गेला,
हा शब्द हजारदा कानावरून गेला असेल.
त्या दिवशी चहावर साय धरेपर्यंत
मी तेवढ्यालाच धरून बसलो.

त्याचं बुक कन्नडात, माझी वही मराठीत.
ह्या अक्षरांपायी इथं दुकानांच्या पाट्या फुटल्यात,
एस्टी बंद पडल्यात.
आम्हाला एकमेकांचं एक अक्षर वाचता येईना.
मग तो वाचत गेला, मी लिहीत गेलो,
मी वाचत गेलो, तो लिहीत गेला.
पाच बश्या सुटल्या.

त्याच्या बुकात लेकी नव्हत्या.
माझ्या वहीत लेकीच जास्त;
पत्रं कोण लिहितं दुसरं?
लिही म्हटलं, हुबळीची आकुबाई, गोकाकची सुंद्रा.
कुठं लिहू, म्हणाला, रकानाच न्हाई.
समासात लिही.

आणि त्याच्या बुकात मी निघालो.
आमचा खापरपणजा आडवाटेनं आलेला नव्हे,
कुठल्या गादीचा नव्हे, आम्ही सांगत होतो तसा;
सोमवारच्या बाजारात रडताना सापडलेलं पोर.
वार बघून नाव ठेवलं, सोमा.
त्याच्या वर बुकात कोरी जागा.
दुरगप्पानं तिथं बोट ठेवलं
आणि उचललं नाही बराच वेळ.

रात्री त्याचा फोन.
वसाहत नंबर दोनमधून, मागं घंटा.
कमत्यांच्या दारात म्हणून आलो, म्हणाला.
म्हातारी जाऊन वीस वर्षं झाली.
नातसून आली बाहेर, बेळगावात वाढलेली,
चिंचेचं नाव घेतल्यावर जरा थांबली,
आणि बघितलं.
कुणीकडं? मी विचारलं.
डावीकडं, म्हणाला. का वो?